दाढेत सिमेंट भरून घेताना

माझ्या उजव्या खालच्या दाढेची कहाणी पेरूच्या बीपासून सुरू होते. पेरू खाल्ला की एक बी नेमकी त्याच जागी अडकायची. मी ती जिभेनं, मग टाचणीनं, मग काडेपेटीतल्या काडीनं उकरून काढायचो आणि विसरून जायचो. दुखत नव्हतं ना! आठ महिन्यांनी एका रात्री दोन वाजता दाढ अशी ठणकायला लागली की लवंग, बर्फ, मिठाच्या गुळण्या, सगळं करून झालं आणि सकाळी सातला मी दवाखान्याच्या बंद शटरसमोर गाल धरून उभा होतो. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "सहा महिने आधी आला असता तर नुसतं भरून भागलं असतं." त्या दाढेचं रूट कॅनल झालं, वर कॅप बसली, आणि खर्च साध्या भरण्याच्या कितीतरी पट झाला.

त्याच्या आधी आणि नंतर मी स्वतःच्या तीन दाढा-दात भरून घेतले, घरातल्यांच्या चार-पाच. दर वेळी खुर्चीशेजारी उभं राहून प्रश्न विचारत गेलो. डॉक्टरांचं कौशल्य महत्त्वाचं आहेच, पण कधी जायचं, काय सांगायचं, काय विचारायचं आणि घरी आल्यावर कशाकडे लक्ष ठेवायचं, हा अर्धा भाग आपला असतो. तो अर्धा भाग इथे क्रमानं मांडतो.

आधी कीड समजून घेऊ

दाताला लागणारी कीड ही अळी नव्हे. खेड्यापाड्यात अजूनही रिंगणीच्या बियांची धुरी देऊन "दातातले किडे" काढून दाखवणारे भेटतात. वाडग्यातल्या पाण्यात दिसणारं ते जे काही असतं, ते तुमच्या दातातून पडलेलं नसतं. पियेर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं १७२८ सालच्या आपल्या ग्रंथातच किड्याची समजूत नाकारली होती. आपल्याकडे ती तीनशे वर्षांनंतरही वाडग्यात पोहते आहे.

खरं घडतं ते असं. दातावर जिवाणूंचा एक चिकट थर सतत बसत असतो. आपण गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की ते जिवाणू त्यातून आम्ल तयार करतात. तोंडातला सामू (पीएच, आम्लता मोजायचा आकडा, आम्ल वाढलं की तो उतरतो) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या बाहेरच्या कवचातून, म्हणजे इनॅमलमधून, कॅल्शियम आणि फॉस्फेट झिरपून बाहेर यायला लागतात. मग लाळ हळूहळू आम्ल शमवते आणि गेलेल्या खनिजांपैकी काही परत आणून बसवते. या परतफेडीला अर्धा ते एक तास लागतो. म्हणून दिवाळीत एका बैठकीत चार करंज्या खाणाऱ्यापेक्षा दिवसभर दर तासाला घोटभर गोड चहा पिणाऱ्याच्या दाढा लवकर जातात. किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हा हिशेब दात ठेवतात.

इनॅमल वजनानं सुमारे ९६ टक्के खनिज आहे, शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ. पण त्यात जिवंत पेशी नाहीत. हाड मोडलं तर जुळून येतं, इनॅमलला पडलेलं भोक कधीच भरून येत नाही. त्याच्या आत डेंटिन असतं, ते मऊ, आणि त्यात सूक्ष्म नळ्या असतात ज्या थेट मधल्या नसेपर्यंत जातात. कीड इनॅमल भेदून डेंटिनमध्ये पोचली की आडवी पसरते. त्यामुळे वरून तिळाएवढं दिसणारं भोक आत ज्वारीच्या दाण्याएवढं निघतं. "एवढ्याशा ठिपक्यासाठी इतकं कोरलं?" असं भरून झाल्यावर वाटतं, त्याचं कारण हे.

पण दिसणारा प्रत्येक डाग कोरायचा नसतो. खडूसारखा निस्तेज पांढरा डाग ही किडीची पहिली पायरी. भोक पडलेलं नसेल तर फ्लोराईड आणि नीट घासणं यांनी ती थांबते, कधी परतही फिरते. दाढेच्या घळींतल्या काळ्या रेषा चहा-तंबाखूच्या असू शकतात. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत भूजलातच फ्लोराईड जास्त आहे, तिथल्या माणसांच्या दातांवरचे तपकिरी पट्टे हे फ्लोरोसिसचे. ती कीड नव्हे. रंग बघून कुणी थेट मशीन हातात घेत असेल तर थांबवून विचारा.

कधी जायचं

घास अडकायला लागणं ही माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित खूण आहे. पूर्वी न अडकणारी मेथीची काडी किंवा मटणाचा धागा आता नेमका एकाच फटीत अडकत असेल, किंवा दातांमधून काढताना फ्लॉसचा दोरा तिथंच फाटत असेल, तर त्या फटीत काहीतरी बिघडलंय. त्यानंतरची खूण म्हणजे गोड किंवा थंड लागल्यावर येणारी सळक. माठातलं पाणी प्यायल्यावर दाढ शिवशिवली आणि पाच-दहा सेकंदांत थांबली, तर बहुधा अजून भरून भागतं.

गरम चहानं कळ उठून पाच मिनिटं टिकत असेल, काहीही न खाता दाढ आपोआप ठणकत असेल, रात्री आडवं झाल्यावर वाढत असेल, गार पाणी तोंडात धरलं की उलट बरं वाटत असेल, तर नस सुजलेली आहे. आता नुसतं सिमेंट भरून चालणार नाही. आणि काही दिवसांच्या असह्य ठणक्यानंतर दुखणं एकाएकी थांबलं तर आनंद मानू नका. बऱ्याचदा तेव्हा आतली नस मेलेली असते आणि पू मुळाच्या टोकाशी वाट शोधत असतो. जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडेना किंवा गिळता येईना अशी वेळ आली, तर दातांच्या दवाखान्याची वेळ बघत बसू नका, सरळ मोठ्या रुग्णालयात जा.

लवंगेचं तेल लावायला हरकत नाही, कापसाच्या बोळ्यावर एक थेंब, फक्त दाताला. त्यातलं युजेनॉल खरोखरच बधिरता आणतं. डॉक्टर जे तात्पुरतं भरण घालतात त्यातही तेच असतं, दवाखान्याला येणारा तो ओळखीचा लवंगी वास त्याचाच. मात्र डोकेदुखीची गोळी दाढेशी धरून ठेवायचा जो घरगुती प्रकार आहे तो करू नका, ॲस्पिरिननं हिरडी आणि गाल भाजतात. माझ्या एका मित्राचा गाल आतून पांढरा पडला होता, दाढ दुखायची ती दुखतच होती.

जायच्या आधी

उपाशी जाऊ नका. भूल उतरेपर्यंत दोन-तीन तास खाता येणार नाही, त्यामुळे जेवून, घासून जा. मधुमेह असेल तर औषध आणि जेवण नेहमीच्या वेळीच. रक्तदाबाची सकाळची गोळी चुकवू नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःच्या मनानं बंद करू नका, फक्त डॉक्टरांना सांगा. हृदयाची झडप बदललेली असेल, पूर्वी भुलेच्या इंजेक्शननं त्रास झाला असेल, दिवस गेलेले असतील, हे सगळं दातांच्या डॉक्टरांना सांगायचंच असतं. "दातांचंच तर काम आहे" म्हणून आपण गप्प बसतो. गरोदरपणात भरण करता येतं, मधले तीन महिने त्यासाठी सगळ्यात सोयीचे.

कुठे जायचं? पाटीवर बीडीएस किंवा एमडीएस आणि नोंदणी क्रमांक असायला हवा. नोंदणी राज्याच्या दंत परिषदेकडे होते. पैशांची अडचण असेल तर शासकीय किंवा पालिकेच्या दंत महाविद्यालयांचा विचार जरूर करा: मुंबईत सीएसएमटीजवळचं, मुंबई सेंट्रलचं पालिकेचं नायर, शिवाय नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची, गोव्यात बांबोळीचं. तिथे विद्यार्थी काम करतात आणि शिक्षक येऊन तपासतात. वेळ लागतो, दोन-तीन खेपा होतात, पण माझ्या मावशीचं सगळ्यात निगुतीनं केलेलं भरण तिथलंच आहे. आणि परदेशातून सुट्टीला येऊन दातांची कामं उरकणाऱ्यांना एक सांगणं: विमानाच्या आदल्या दिवशी दाढ भरून घेऊ नका. ती उंच लागली किंवा ठणकली तर परत जायला निदान दोन आठवडे हाताशी असू द्या.

खुर्चीत बसल्यावर, मशीन सुरू व्हायच्या आधी, मी चार गोष्टी विचारतो. कोणती दाढ, आरशात दाखवा. कीड किती खोल आहे, एक्स-रेमध्ये दाखवा. काय भरणार आणि तेच का. आणि कोरताना नसेपर्यंत गेलं तर पुढचा बेत आणि खर्च काय. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण तोंड उघडं आणि अर्धा जबडा बधिर असताना "रूट कॅनल लागेल, करू का?" याचं उत्तर आपण फक्त "आँ" असंच देऊ शकतो.

एक्स-रेमध्ये इनॅमल पांढरंशुभ्र, डेंटिन करडं आणि नसेची पोकळी काळी दिसते. कीड म्हणजे करड्यात शिरलेली काळसर सावली. त्या सावलीत आणि मधल्या काळ्या पोकळीत किती अंतर आहे तेवढं पाहा, बाकी काही कळलं नाही तरी चालेल.

काय भरायचं

आपण सगळ्यालाच "सिमेंट" म्हणतो, पण आत तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. माझ्या तोंडात तिन्ही आहेत.

चांदी, म्हणजे अमाल्गम. शाळेत असताना माझ्या डाव्या दाढेत भरलेली आहे, आता काळी पडली आहे. तिचं साधारण अर्धं वजन पाऱ्याचं असतं, उरलेल्यात चांदी, कथील, तांबं. ती दाताला चिकटत नाही, म्हणून दाढ आतून रुंद आणि तोंडाशी किंचित अरुंद अशी कोरून तिला अडकवावं लागतं, म्हणजे थोडा चांगला दातही जातो. पण ती दणकट, आणि थोडीफार लाळ आली तरी निभावून नेणारी. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे तिचे दिवस भरत आले आहेत: पाऱ्याचा वापर आवरण्यासाठी देशादेशांत झालेला मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला, भारतानं तो २०१८ मध्ये मान्य केला, आणि युरोपीय संघानं १ जानेवारी २०२५ पासून दातांत ती भरणं जवळपास बंदच केलं. पंधरा वर्षांखालची मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांच्यासाठी ती वापरायचीच नाही असं करारातल्या देशांचं ठरलं आहे. पण तोंडात आधीच असलेली, घट्ट बसलेली चांदी केवळ भीतीनं काढून घेऊ नका. काढताना उठणारी पाऱ्याची वाफ ती तशीच ठेवण्यापेक्षा जास्त असते.

दुसरं खरं सिमेंट, ग्लास आयोनोमर. काचेची पूड आणि आम्ल यांचं मिश्रण. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी १९७० च्या आसपास तयार केलेलं. ते दाताशी रासायनिकरीत्या चिकटतं आणि हळूहळू फ्लोराईड सोडत राहतं. चावण्याच्या जोराला मात्र कमकुवत. म्हणून लहान मुलांच्या दुधाच्या दाढा, हिरडीलगतच्या खाचा, आणि जिथे कोरडं ठेवणं अवघड तिथे ते योग्य. माझ्या मावशीनं तीस वर्षं मिश्री लावली. बोटानं घासून घासून दातांच्या मानेशी विळ्यानं कापल्यासारख्या खाचा पडल्या होत्या, त्यात हेच भरलं. डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं की मिश्री सुटली नाही तर सिमेंट सुटेल. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, तिच्यानं तोंडाचं जे इतर नुकसान होतं ते वेगळंच.

तिसरं कंपोझिट, दातांच्याच रंगाचं. राळेसारख्या पदार्थात काचेचे सूक्ष्म कण. आज शहरात बहुतेकांना हेच सुचवलं जातं आणि ते बरोबरही आहे: दात कमी कोरावा लागतो, दिसतं छान, चिकटतं पक्कं. पण हा नखरेल पदार्थ आहे. भरताना थेंबभर लाळ किंवा रक्त लागलं तरी चिकटणं बिघडतं, आणि घट्ट होताना ते दोन-तीन टक्के आकसतं. म्हणजे कंपोझिट चांगलं की वाईट हे डब्यावरच्या नावापेक्षा ते भरणाऱ्यानं किती वेळ दिला यावर जास्त ठरतं. दहा मिनिटांत मोठी दाढ कंपोझिटनं भरून दिली तर मला शंका येते.

दाढेचा निम्म्याहून जास्त भाग गेला असेल, कडेच्या भिंती पातळ उरल्या असतील, तर कुठलंच भरण एकटं पुरत नाही. सुपारी फोडताना उभी चीर जाऊन दाढ काढावी लागण्यापेक्षा आधीच कॅप किंवा प्रयोगशाळेत बनवलेला तुकडा बसवणं स्वस्त पडतं.

खुर्चीत काय घडतं

कंपोझिटचंच उदाहरण घेतो, कारण त्यात पायऱ्या सगळ्यात जास्त.

पहिल्यांदा भूल. सुई टोचण्याआधी हिरडीला चवदार जेल किंवा फवारा लावतात. वरच्या दाढेला तिथल्या तिथे टोचून भागतं, खालच्या दाढेला मात्र जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात नस गाठावी लागते, म्हणून अर्धी जीभ आणि ओठही झोपतो. औषधात थोडं ॲड्रिनॅलिन असतं, त्यानं मिनिटभर छाती धडधडू शकते. घाबरू नका, पण सांगा. पाच-दहा मिनिटांनी ओठ सुजल्यासारखा वाटायला हवा. वाटत नसेल तर तेही सांगा. उथळ कीड असेल तर भुलेची गरजही पडत नाही. सुरू करायच्या आधी एक खूण ठरवून ठेवा: डावा हात वर केला की थांबायचं. निम्मी भीती तिथंच जाते.

मग कोरणं. त्या किर्र आवाजाच्या मशीनचं टोक हवेच्या दाबावर मिनिटाला तीन-चार लाख फेरे फिरतं आणि दात तापू नये म्हणून सोबत पाण्याचा फवारा असतो. तोंडात पाणी साचतं ते याच फवाऱ्याचं. इनॅमल उघडून झालं की आवाज बदलतो, घरघर जाड होते. हळू फिरणाऱ्या मशीननं किंवा हातातल्या चमच्यासारख्या हत्यारानं मऊ झालेलं डेंटिन खरवडून काढतात. माझ्या दाढेतून निघालेला तो भाग मी मुद्दाम पाहिला होता. ओल्या चामड्यासारखा, तपकिरी, नखानं ओरखडा येईल इतका मऊ.

इथे एक गोष्ट माहीत असलेली बरी. कडा पूर्ण स्वच्छ आणि कडक करायच्या असतात, पण नसेच्या अगदी वरचा थोडा मऊ थर आता जाणूनबुजून ठेवतात. तो खरवडायला गेलं तर नस उघडी पडते. घट्ट बंद करून टाकला तर आतल्या जिवाणूंचा खुराक तुटतो. त्यामुळे "थोडं राहू दिलंय" असं डॉक्टर म्हणाले तर तो आळस समजू नका. अशा ठिकाणी नसेवर औषधाचा पातळ थर देतात, आणि काही आठवडे वाट बघायला सांगतात.

यानंतरचा सगळा खेळ कोरडेपणाचा. काही डॉक्टर दाताभोवती रबराचा पडदा ताणून बसवतात. ही १८६४ सालची युक्ती अजून हललेली नाही. पडदा नसेल तर कापसाच्या गुंडाळ्या आणि थुंकी ओढणारी नळी. इथे आपलं काम एकच: तोंड मिटायचं नाही, जीभ तिथे न्यायची नाही. जीभ ऐकत नाही हे मान्य, तिला पलीकडच्या दाढेला टेकवून ठेवा.

दोन दाढांच्या मधली भिंत गेली असेल तर पातळ पत्र्याची पट्टी दाताभोवती गुंडाळतात आणि फटीत लाकडाची बारीक पाचर ठोकतात. हिरडीवर दाब येतो, थोडं दुखतं, पण हा दाब सोसण्यासारखा आहे. पाचर ढिली राहिली तर सिमेंट हिरडीखाली ओघळतं किंवा शेजारच्या दाताशी फट राहते, आणि मग आयुष्यभर तिथे मेथीची काडी अडकत राहते.

पुढे निळं जेल लावतात. ते ३७ टक्क्यांच्या आसपासचं फॉस्फोरिक आम्ल. पंधरा-वीस सेकंद ठेवून धुतलं की इनॅमल काचेवर धुकं धरल्यासारखं पांढुरकं दिसतं, त्यात लक्षावधी सूक्ष्म खळगे पडलेले असतात. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यात आम्ल लावतात, ते पाहून मायकेल ब्युओनोकोर या अमेरिकी दंतवैद्याला १९५५ मध्ये हे सुचलं. त्यावर चिकट द्रव चोळतात, तो त्या खळग्यांत शिरतो, आणि निळ्या दिव्यानं त्याला घट्ट करतात.

मग भरण, एकदम नाही, साधारण दोन मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थराला दहा-वीस सेकंद दिवा. दिव्याचा उजेड खोलवर पोचत नाही, म्हणून थर. अलीकडे चार मिलिमीटर एकदम भरता येणारे प्रकारही आले आहेत. तुम्ही फक्त दिव्याकडे टक लावून बघू नका, नारिंगी चष्मा दिला तर घाला. शेवटी दाढेच्या मूळच्या घळी-शिखरं पुन्हा कोरतात. चांगला हात असेल तर आरशात कुठे दात संपतो आणि कुठे भरण सुरू होतं ते सापडत नाही.

आता आपली परीक्षा. निळा किंवा लाल कागद दातांत धरून "चावा, घासा, इकडे, तिकडे" असं सांगतात. जिथे गडद ठिपका उमटतो तिथे भरण उंच आहे, ते थोडं झिजवतात. अडचण ही की जबडा बधिर असतो आणि आपण नीट चावतच नाही. उठून बसा, पाठ सरळ करा, लाळ गिळा, मागच्या दाढा सावकाश मिटा. "आधी कुठे लागतंय?" याचं खरं उत्तर द्या. घाईत "ठीक आहे, ठीक आहे" म्हणून उठलात तर आठवडाभर त्या दाढेवर हातोडी बसते. फटीतलं भरण असेल तर निघण्याआधी फ्लॉस फिरवून दाखवायला सांगा. दोरा टक्कन आत जायला हवा आणि न फाटता बाहेर यायला हवा.

घरी आल्यावर

भूल उतरेपर्यंत काही चावू नका. अन्नापेक्षा स्वतःचा ओठ आणि गाल चावला जाण्याचा धोका जास्त. लहान मुलं तर गंमत म्हणून ओठ चावत बसतात आणि संध्याकाळी तो टमाटर होतो. गरम चहाचाही अंदाज येत नाही. कंपोझिट दिव्याखालीच घट्ट झालेलं असतं, त्यामुळे भूल गेली की जेवा. ग्लास आयोनोमरला निदान तासभर काही नको. चांदी असेल तर त्या बाजूनं चोवीस तास चावू नका.

दोन-तीन दिवस, खोल भरण असेल तर दोन-तीन आठवडेही, गार पाण्यानं शिवशिवतं. ते रोज थोडं कमी होत जायला हवं. हिरडीवर टोचलेली जागा दुखते, कोमट मिठाच्या गुळण्या पुरतात.

पण तोंड मिटल्यावर तीच दाढ आधी टेकत असेल, त्यावर चावलं की कळ जात असेल, तर दुसऱ्याच दिवशी फोन करा. हे "आपोआप झिजून बसेल" असं कुणी सांगितलं तरी थांबू नका. मी थांबलो होतो. तीन आठवडे डाव्या बाजूनं जेवलो, मग गेलो, आणि डॉक्टरांनी कागद लावून चार सेकंद मशीन फिरवलं. चार सेकंद! घरी आलो तेव्हा दुखणं अर्धं गेलं होतं. आणि शिवशिव कमी न होता गरमानं ठणका लागायला लागला, रात्री जाग यायला लागली, तर नस थकली आहे, पुन्हा एक्स-रे काढायचा.

तात्पुरतं भरण घातलं असेल तर त्याची तारीख पाळा. लवंगी वासाचं ते पांढरं भरण ठणका थांबवतं, आणि ठणका थांबला की माणूस परत जात नाही. ते काही आठवड्यांपुरतंच असतं, झिजतं, कडेनं गळायला लागतं.

मुलांच्या दाढा

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे, कुठलाही दात न पडता, एक नवी दाढ येते. बहुतेक घरांत तीही दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते, साठाव्या वर्षीही तीच चावणार असते, आणि तिच्या घळी चांगल्या खोल असतात. माझ्या मुलीच्या बाबतीत सातव्या वर्षी हे कळलं. त्या घळी किडण्याआधीच पातळ लेपानं बुजवता येतात. टोचायचं नाही, कोरायचं नाही.

"दुधाचा दात आहे, पडणारच आहे, कशाला भरायचा?" हा प्रश्न आजी-आजोबा हमखास विचारतात. दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहते. ती आठव्या वर्षी काढावी लागली तर शेजारची सरकून जागा खाते आणि खालून येणारा दात वाकडा येतो. मूल खुर्चीत बसतच नसेल तर किडीवर लावायचं चांदीयुक्त फ्लोराईडचं औषध मिळतं, कीड थांबते, फक्त डाग कायमचा काळा पडतो. पुढच्या दातांना ते आईबापांना नको वाटतं, मागच्या दाढेला काय फरक पडतो!

पुढे किती वर्षं

चांदी दहा-पंधरा वर्षं सहज जाते, कंपोझिट सात-दहा, ग्लास आयोनोमर त्याहून कमी. पण या आकड्यांवर फार विसंबू नये. भरण बहुतेक वेळा झिजून जात नाही, त्याच्या कडेनं नवी कीड लागते म्हणून जातं. सिमेंटला कीड लागत नाही, त्याच्या शेजारच्या दाताला लागते, आणि कीड लावणाऱ्या सवयी दवाखान्यात काढून घेत नाहीत. रात्री झोपण्याआधीचं घासणं सगळ्यात मोलाचं, कारण झोपेत लाळ कमी होते. पेस्टवर १००० पीपीएम फ्लोराईड लिहिलेलं बघा, मटारएवढी पुरे. तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढीच. घासून झालं की थुंका, खळखळून चूळ भरू नका, पेस्टचा थोडा अंश दातांवर राहू द्या. हे आपल्याला विचित्र वाटतं, मलाही सवय व्हायला महिना लागला.

वर्षातून एकदा भरलेल्या दाढा दाखवून या. कड जराशी तुटली असेल तर सगळं न उकरता तेवढाच भाग दुरुस्त होतो, तसं विचारा. यंदा मी गेलो तेव्हा शाळेतल्या त्या चांदीबद्दल पुन्हा विचारलं, काढून पांढरं भरू का म्हणून. डॉक्टरांनी टोकदार हत्यार तिच्या कडेनं सावकाश फिरवलं, कुठेच अडकलं नाही. "घट्ट आहे," म्हणाले, "हात लावायचं कारण नाही. पुढच्या वर्षी बघू."